रजा ऑपरेशनच्या दिवसासाठी नको, घरी आणल्यावरच्या दिवसांसाठी ठेवा

प्रश्न विचारणारे पुण्यात नोकरी करतात. आई-बाबा नागपुरात, महाल भागातल्या जुन्या घरात. आई ६७ वर्षांच्या, मधुमेह आहे, दोन्ही गुडघे घासलेले, त्यातला उजवा जास्त. सर्जननी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात उजवा सांधा बदलायची तारीख दिली आहे. महिनाभर हातात आहे तर तयारी काय करू, नागपूरच्या उन्हाळ्यात ऑपरेशन करावं का, आणि आई पूर्वीसारखी किती दिवसांत चालेल, असे त्यांचे तीन प्रश्न. शेवटी जाता जाता एक ओळ: "पंधरा दिवसांचीच रजा मिळतेय, ती ऑपरेशनच्या आदल्या दिवसापासून टाकली आहे."

मी नागपुरात तेवीस वर्षं फिजिओथेरपी करते. सकाळी क्लिनिक, दुपारनंतर स्कूटीवर घरोघरी. मला विचाराल तर तुमची खरी अडचण त्या शेवटच्या ओळीत आहे, म्हणून आधी तिचंच बोलते.

दवाखान्यात आईंजवळ नर्स असते, भूलतज्ज्ञ असतात, बटण दाबलं की कोणीतरी येतं. ऑपरेशन बहुतेक वेळा कमरेत इंजेक्शन देऊन होतं, आणि सांध्याच्या आजूबाजूलाही बधिर करणारी औषधं सोडतात. त्यामुळे त्याच दिवशी संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी वॉकर धरून पेशंट चार पावलं चालतो. घरचे व्हिडिओ काढतात, तो नातेवाइकांच्या ग्रुपवर जातो, सगळ्यांना वाटतं गड सर झाला. मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती औषधं उतरतात आणि सूज चढते. माझ्या पेशंट एक मावशी होत्या, मानेवाड्याच्या. तिसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "काल त मी चालली होती नं जी, आज काऊन उठवत नाही मले?" घरात सगळ्यांचे चेहरे पडलेले, ऑपरेशन बिघडलं की काय म्हणून. काहीही बिघडलेलं नव्हतं. पण हे कोणी आधी सांगितलेलं नसेल तर माणूस घाबरतो, आणि घाबरलेला पेशंट पाय हलवत नाही.

साधारण चौथ्या-पाचव्या दिवशी घरी सोडतात. तिथून पुढचे तीन आठवडे सगळ्यात अवघड. रात्री झोप नाही, दुखण्याच्या गोळ्यांनी पोट साफ नाही, व्यायाम म्हटला की डोळ्यांत पाणी. नेमक्या त्याच वेळी भेटायला येणारे थांबतात आणि मुलांच्या रजा संपतात. तुमच्या हिशोबाने टाके निघायच्या सुमारास, म्हणजे बाराव्या-चौदाव्या दिवशी, तुम्ही पुण्याच्या गाडीत बसलेले असाल. शक्य असेल तर दवाखान्यातले दिवस बाबा आणि एखादी मावशी, मामा, कोणीतरी जवळचं माणूस सांभाळू द्या, आणि तुमची रजा डिस्चार्जच्या आदल्या दिवसापासून सुरू करा. ऑपरेशनच्या वेळी आपण नसलो तर लोक काय म्हणतील, असं मनात येईल. म्हणू द्या. मात्र आईंना हृदयाचाही त्रास असेल किंवा बाबांना एकट्याने सह्या आणि धावपळ झेपणार नसेल, तर हे गणित बदलतं. ते तुम्हालाच ठाऊक.

आता "पूर्वीसारखी" या शब्दाबद्दल. कुठल्या पूर्वीसारखी? पाच वर्षांपासून आई भिंत धरून चालत असतील तर त्यांची मांडी पाच वर्षं वाळत आली आहे. सर्जन हाडांची घासलेली टोकं काही मिलिमीटर तासून त्यांवर धातूच्या टोप्या बसवतात आणि मध्ये प्लास्टिकची चकती ठेवतात. दुखण्याचं मूळ त्यांनी काढलं. वाळलेली मांडी मात्र तशीच राहते, वर ऑपरेशनमुळे काही आठवडे आणखी ढिली पडते. म्हणून मी घरच्यांना सांगते ते असं: दीड-दोन महिन्यांत घरातल्या घरात आधाराशिवाय, वॉकर सुटून काठी, मग काठीही सुटते. तीन महिन्यांत भाजी आणायला, देवळात. गुडघा गरम लागणं आणि संध्याकाळी सुजणं पाच-सहा महिने चालतं. आणि सुधारणा वर्षभर होत राहते. पण शंभर टक्के समाधान सगळ्यांना मिळत नाही. जगभरच्या पाहण्यांत साधारण पाचातला एक पेशंट म्हणतो, वाटलं होतं तेवढं झालं नाही. माझ्याकडे आलेल्या अशा बऱ्याच जणांचा सांधा उत्तम बसलेला होता. घोडं अडलं होतं ते दुसरीकडे, आणि तेच मला तुम्हाला सविस्तर सांगायचंय.

प्रत्येक घरात पहिला प्रश्न असतो, "वाकेल किती?" आजवर एकाही घरात मला कोणी विचारलं नाही, "सरळ किती होईल?" आणि चाल बिघडते ती सरळ न झाल्यामुळे. गुडघा ९० अंशात वाकला तर खुर्चीवरून उठता येतं, ११० च्या पुढे गेला की जिना बिनघोर. तिथपर्यंत तो आठवड्याआठवड्याने पोचतो. पण गुडघा पूर्ण सरळ झाला नाही, दहा-पंधरा अंशांची फट राहिली, तर तो पाय आखूड असल्यासारखा पडतो, माणूस लंगडतो, मांडी सतत ताणलेली राहून थकते, कंबर धरते. सुरुवातीच्या आठवड्यांत हातातून गेलेलं सरळपण पुढे परत मिळवणं फार जड जातं.

ही गोष्ट मी पुस्तकात वाचली होती, कळली उशिरा. प्रॅक्टिसच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मी पण वाकवण्याच्याच मागे लागले होते. एका काकूंचा गुडघा मी रोज जोर लावून दोन-दोन अंश पुढे नेत होते आणि वहीत आकडे लिहून खूश होत होते. सहाव्या आठवड्यात सर्जनकडे गेलो, तर त्यांनी काकूंना आडवं झोपवलं आणि गुडघ्याखालून स्वतःचा पंजा आरपार सरकवला. माझ्याकडे बघून काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

तेव्हापासून माझी पहिली सूचना उशीची. ऑपरेशनचा पाय किंचित वाकलेला ठेवला की बरं वाटतं, म्हणून घरातलं कोणीतरी मायेने गुडघ्याखाली उशी सारतं. इतवारीतल्या एका घरी सुनेने तर खास मऊ लोड शिवून घेतला होता. चौदाव्या दिवशी मी गेले तेव्हा गुडघा त्या लोडाच्या आकाराचा झाला होता. उशी ठेवायचीच असेल तर टाचेखाली ठेवा, म्हणजे गुडघा अधांतरी राहून स्वतःच्या वजनाने खाली जातो. दुखतं, पाच मिनिटांत नको होतं. पाचच मिनिटं ठेवा, पण दिवसातून सहा वेळा.

त्याच्या जोडीला मांडी आवळणं. पाय लांब करून बसायचं, गुडघ्यामागे टॉवेलची बारीक गुंडाळी ठेवायची आणि ती गादीत दाबायची. वाटी वर सरकताना दिसली पाहिजे. पाच आकडे धरायचं, सोडायचं. शेजारी बसून कितीही शिकवलं तरी बायका मोजणं विसरतात, वैतागतात. त्याच इतवारीच्या काकूंनी यावर तोड काढली. त्यांनी जपमाळ हातात घेतली, एका मण्याला एक दाब. सकाळची एक माळ, संध्याकाळची एक. सासूबाई जपाला बसल्या म्हणून घरात कोणी मध्ये बोलत नसे, हा वरचा फायदा. त्यांचा पाय पुढे सरळ झाला, तीन-चार अंश राहिले असतील. ही युक्ती मी तेव्हापासून डझनावारी घरांत सांगितली आहे. आपल्या आईंना जमेल असं वाटतं.

हेच व्यायाम आजपासून सुरू करा, हीच महिनाभराची मुख्य तयारी. मांडी आवळणं, गुडघा ताठ ठेवून पाय वीतभर उचलणं, टाच गादीवरून घासत मागे ओढणं. चौथा व्यायाम कोणी सांगत नाही, तो हातांचा. हातांच्या खुर्चीत बसून दोन्ही हातांवर जोर देत उठायचं आणि सावकाश बसायचं, दहा-दहा वेळा. ऑपरेशननंतर पहिले काही आठवडे निम्मं शरीर वॉकरवर, म्हणजे खांद्यांवर आणि मनगटांवर चालतं. वॉकर आत्ताच आणा आणि त्यावर घरात चालायचा सराव करा. दुखऱ्या दिवशी नवीन वस्तू शिकायला लावणं हा पेशंटवर अन्याय आहे.

साखरेकडे लक्ष द्या. तीन महिन्यांची सरासरी साखर, एचबीएवनसी, बहुतेक सर्जनना साडेसात-आठच्या आत हवी असते. त्यापुढे असली तर जखम भरायला वेळ लागतो आणि जंतुसंसर्गाची भीती वाढते. महिन्याभरात हा आकडा फार हलत नाही, म्हणून तपासणी याच आठवड्यात करा. जास्त आली तर तारीख पुढे ढकलायला कमीपणा मानू नका. हिमोग्लोबिन बघा. किडलेला दात, लघवीची जळजळ, पायाच्या बोटांमधलं चिखल्यांसारखं काही असेल तर ते आधी निस्तरा, कारण त्यातले जंतू रक्तातून नव्या सांध्यावर जाऊन बसू शकतात. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर ती कधी थांबवायची हे डॉक्टरच सांगतील, शेजारच्यांच्या सल्ल्याने काहीच नको. आणि ऑपरेशननंतरचे दोन महिने उपास बंद. जखम भरायला प्रथिनं लागतात, साबुदाण्यात ती नसतात. वरण, दही, अंडी चालत असतील तर अंडी.

आता घर. महालातली घरं मी ओळखते: अरुंद जिना, खोलीगणिक उंबरा, संडास मागच्या अंगणात आणि तोही भारतीय बैठकीचा. रजेच्या आधी, मार्चमधल्याच एखाद्या शनिवार-रविवारी येऊन जा आणि आईंचा पलंग खालच्या मजल्यावर आणा. पलंग आणि खुर्ची एवढी उंच हवी की बसल्यावर गुडघा कमरेपेक्षा वर येणार नाही. साधारण १८ इंच, आई उंच असतील तर जास्त. सुताराला सांगून पायांखाली ठोकळे लावले तरी चालतं. वॉकर घेऊन दारातून जाता येतं का ते फीत लावून मोजा. जुन्या दारांत वॉकर अडकतो, हे डिस्चार्जच्या रात्री कळलं तर पंचाईत होते. संडासात कमोड बसवता आला तर उत्तम, नाहीतर कमोडची खुर्ची पलंगाशेजारी. तिची आईंना लाज वाटेल. एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा बघितली आहे: उठावं लागू नये म्हणून बायका पाणीच प्यायचं सोडतात. मग लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, चक्कर. आई किती पाणी प्याल्या हे विचारण्यापेक्षा किती वेळा उठल्या ते विचारा, खरं उत्तर तिथे मिळतं.

त्यावरून उन्हाळ्याचं बोलते. ऑपरेशनच्या दृष्टीने एप्रिल वाईट नाही, थिएटर आणि वॉर्ड थंडच असतात. घाम आला की जखम पिकते, ही समजूत जुनी आहे, ड्रेसिंग कोरडं आणि स्वच्छ असलं की झालं. त्रास घरी आल्यावरचा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, पाणी कमी पडलं आणि वर दुखण्याच्या गोळ्या चालू असल्या तर किडनीवर ताण येतो. ऑपरेशननंतर रक्ताची गुठळी व्हायची भीती तशीही असते, कोरड पडलेल्या शरीरात ती वाढते. रक्ताभिसरणासाठी दिलेले घट्ट मोजे या उन्हात नकोसे होतात, तरी डॉक्टर सांगतील तोवर घालायचे. फक्त रोज एकदा काढून टाच आणि बोटं बघायची. चालणं सकाळी सहाला आणि दिवे लागल्यावर. आणि कूलर! नागपूरच्या घरात गुडघ्याचा पेशंट पडला असं ऐकलं की मी आधी विचारते, कूलर कुठे होता. पाणी भरताना फरशीवर सांडलेली धार वॉकरच्या रबरी टाचेला दिसत नाही. पाणी भरायची वेळ ठरवा, भरल्यावर लगेच पुसा.

थांबता येत असेल तर दिवाळीनंतरचे महिने मला स्वतःला बरे वाटतात, अंगावर कपडे सोसवतात, भूक लागते. पण रात्री दुखण्याने आई उठत असतील, किंवा पाय आत्ताच सरळ होत नसेल, तर हवेसाठी सात-आठ महिने घालवू नका. आधी महालक्ष्म्या होऊ दे, मग पोरीचं लग्न होऊ दे, करत दोन-दोन वर्षं गेलेली माणसं मी बघितली आहेत. ती येतात तेव्हा मांडीत काही उरलेलं नसतं.

दोन्ही गुडघे एकदम करावेत का, हे सर्जन आणि फिजिशियन हृदय, वजन, वय बघून ठरवतात. तुमच्या आईंचा एकच ठरलाय, ठीक आहे. फक्त एक लक्षात ठेवा, डावाही घासलेला आहे. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी, असा नियम आम्ही शिकवतो. आईंचा "चांगला" पायही कुरकुर करणारा आहे, त्यामुळे पहिला महिना जिना जवळपास टाळाच. रोबोटच्या मदतीने होणाऱ्या ऑपरेशनबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांचे फलक बघून घरचे विचारतीलच. हाड नेमकं तासायला त्याची मदत होते. व्यायाम आईंनाच करावा लागतो. सांध्याच्या किमतीवर ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने कमाल मर्यादा घातली, बिलात सांध्याची किंमत वेगळी मागा, आणि बसवलेल्या सांध्याचे स्टिकर डिस्चार्जच्या कागदांवर आहेत ना ते बघा. पंधरा वर्षांनी कधी गरज पडली तर त्यावरूनच कळतं कुठला सांधा आहे.

घरी आणल्यावरच्या दिवसाचा साचा असा ठेवा: दुखण्याची गोळी, अर्ध्या तासाने व्यायाम, मग पाय छातीपेक्षा उंच ठेवून पंधरा-वीस मिनिटं बर्फ. बर्फ कपड्यात गुंडाळून, थेट कातडीवर नाही. दिवसभर खुर्चीत पाय लोंबकळत ठेवून बसलं की सूज उतरत नाही आणि सुजलेला गुडघा वाकतही नाही. व्यायामाच्या नावाखाली अंगात आल्यासारखं करणंही नको. संध्याकाळच्या व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सूज वाढलेलीच असेल, तर आदल्या दिवशी जास्त झालं. सहा आठवडे होत आले आणि गुडघा ९० पर्यंतही वाकत नसेल तर वाट बघत बसू नका, सर्जनना दाखवा. गरज पडली तर ते भूल देऊन वाकवतात, पण त्यालाही वेळेची मर्यादा असते. टाक्यांच्या बाहेरच्या बाजूला बधिर लागणं, आतून टक-टक आवाज येणं, याने घाबरू नका. जमिनीवर मांडी घालून किंवा उकिडवं बसणं मात्र आता विसरायचं. पंक्तीत खुर्ची मागायची लाज सोडायची.

मालिशवाली घरात येऊ देऊ नका. तेवीस वर्षांत मी एवढ्या एकाच गोष्टीवर आवाज चढवला आहे. पोटरीत गुठळी झालेली असेल आणि वरून कोणी चोळलं तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. पोटरी एकाएकी सुजली, दाबल्यावर दुखली तर त्याच दिवशी डॉक्टर. अचानक दम लागला किंवा छातीत दुखलं तर फोन करत बसू नका, सरळ दवाखाना. जखमेतून पाणी किंवा पू येणं, लाली वाढत जाणं, थंडी वाजून ताप, यालाही उद्यावर टाकायचं नाही. अशा वेळी घरच्या घरी अँटिबायोटिक सुरू केलं तर खरं दुखणं झाकलं जातं.

बाबांना एक काम द्या, नाहीतर ते दिवसभर "दुखतंय का गं" एवढंच विचारत बसतील. रोज सकाळी आईंना सपाट गादीवर झोपवून गुडघ्याखाली स्वतःची बोटं घालायची आणि कॅलेंडरवर लिहायचं: चार बोटं, तीन, दोन. हे ते मन लावून करतात, असा माझा सगळ्या काकांबद्दलचा अनुभव आहे. त्याची सुरुवात आजच करा. आईंना झोपवून, पाय जमेल तेवढा सरळ करायला सांगून, गादीच्या उंचीवरून बाजूने एक फोटो काढायला सांगा. आत्ता, ऑपरेशनच्या आधी, ती फट किती आहे हे त्यात दिसेल. पहिल्या दिवशी फिजिओ घरी येईल तेव्हा नमस्कार-चमत्कार झाले की आधी तो फोटो दाखवा.